पाणलोटात प्लॉटिंग वाढत असताना गावचा पाझर तलाव आणि त्याखालची पाणथळ कशी राखावी?

आदिलाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमचे गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, शहराच्या हद्दीला जवळजवळ लागूनच आहे. गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळी कामांतून झालेला एक पाझर तलाव असून त्याच्या भरावाखाली, पाझराच्या पाण्यावर तगून राहिलेली तीन-चार एकरांची पाणथळ जागा आहे. तिथे लव्हाळा आणि पाणकणीस माजलेले असते, उन्हाळ्यात गुरे तिथेच चरतात आणि तिच्या खालच्या विहिरींचे पाणी इतर विहिरींपेक्षा अधिक काळ टिकते, हा जुना अनुभव आहे.

अलीकडे तलावाच्या पाणलोटातील बऱ्याच जमिनी बिगरशेती होऊन तिथे प्लॉट पडले. ओढ्यावर एके ठिकाणी सिमेंटचे नळे टाकून रस्ता केला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी मुरूम टाकून काठ आत सरकवला गेला. पूर्वी दिवाळीपर्यंत झुळझुळ वाहणारा ओढा आता मोठ्या पावसात फुगतो आणि काही तासांत कोरडा पडतो. नव्या घरांचे सांडपाणी तेवढे बारमाही येऊ लागले आहे.

आता ग्रामसभेपुढे असा प्रस्ताव आहे की तलाव खोल करावा, पाणथळ खोदून तिचे तळे करावे, काठाने दगडी भिंत बांधून पेव्हर ब्लॉकचा रस्ता करावा. यंत्रांचा खर्च वरच्या लेआउटचे मालक करणार असून निघालेला माल ते घेऊन जाणार आहेत. हे करावे का, आणि करायचे नसेल तर काय करावे? कायद्याचा आधार कितपत मिळेल?

बांधबंदिस्ती यांचे उत्तर

माझी नोकरी मृदसंधारणाच्या कामात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण वर्णन केलेला बिघाड तलावात नसून तलावाच्या वर आहे. एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी होते. शेत असेल तर त्यातले बरेच पाणी जमिनीत मुरते, बांधाला अडते आणि उरलेले सावकाश ओढ्यात उतरते. त्याच हेक्टरवर छपरे, काँक्रीटचे अंगण आणि डांबरी रस्ता आला की बहुतेक पाणी तासाभरात ओढ्याला लागते. ओढा फुगणे आणि लगेच आटणे ही दोन्ही लक्षणे या एकाच कारणाची आहेत. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये येतो, तोही थोड्या दिवसांत जोराचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आपला ओढा सीनेसमोर अगदीच लहान असला, तरी अशा पावसाला तीन फुटी नळ्यांची मोरी पुरेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट गाळाची. आपला पट्टा रब्बी ज्वारीचा असल्याने भारी काळ्या रानात पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते आणि ऐन पावसाळ्यात जमीन उघडी राहते. उघडी काळी माती पाण्याबरोबर सहज वाहते. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालत आले आहे आणि त्याचा बराचसा भर याच मुद्द्यावर राहिला आहे, की उताराला आडवी मशागत करावी, बंदिस्त वाफे पाडावेत आणि पाणी ज्या रानात पडले त्याच रानात मुरवावे. त्यात आता प्लॉटच्या कच्च्या रस्त्यांची आणि उकरलेल्या ढिगाऱ्यांची माती मिसळली आहे. वरचे हे काम न करता तलाव खोल केला, तर काही पावसाळ्यांत तो पुन्हा भरेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. गाळ आणि मुरूम यांत फरक आहे. पाझर तलावाच्या तळाशी बारीक गाळाचा थर बसतो आणि पाझर मंदावतो, म्हणून गाळ जरूर काढावा. तो शेतात टाकला तर हलक्या जमिनीचे सोने होते. परंतु लेआउटवाल्याला काळा गाळ रस्त्याखाली टाकून उपयोग नसतो, त्याला मुरूम लागतो. ‘निघालेला माल आम्ही नेऊ’ या उदार वाक्याचा अर्थ तिथे आहे. शासनाच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतही केवळ गाळ काढण्याची मुभा आहे. भरावाच्या पायथ्याशी तर पोकलेन फिरकूही देऊ नये, कारण तिथली खोदाई भरावाच्याच जिवावर उठते.

सातबारा यांचे उत्तर

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. अनेकांना वाटते की २०१७ चे पाणथळ जागांचे नियम दाखवले की काम झाले. तसे होत नाही. त्या नियमांच्या व्याख्येतून नद्यांची पात्रे, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. शिवाय त्या नियमांतील मनाई प्रामुख्याने रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय करारानुसार जाहीर झालेल्या पाणथळींना) आणि अधिसूचित पाणथळींना लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातील २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला, पण त्या यादीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागा आहेत. आपली तीन-चार एकरांची पाणथळ त्या मापात बसत नाही. त्यामुळे केवळ या एका आधारावर विसंबू नका.

आपला खरा आधार महसुली कागदांत आहे. गावनकाशा आणि जुना मोजणी नकाशा काढून त्यावर ओढा कसा आणि किती रुंद दाखवला आहे ते पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे आणि तळी, कोणाची खासगी मालकी सिद्ध नसेल तर, शासनाची असतात. ओढा खासगी गटातून जात असला तर त्या गटाच्या सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीत न येणारे क्षेत्र) वर्ग ‘ब’ खाली किती क्षेत्र आहे ते तपासा. वाहता ओढा किंवा तळे यांखालचे क्षेत्र त्यात नोंदलेले असते आणि त्यावर आकारणी नसते. मंजूर रेखांकनाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवून ती गावनकाशावर ठेवून पाहिली की काठ कुठे सरकला ते उघड होते. मग तहसीलदारांकडे मोजणीसह अतिक्रमणाची तक्रार करता येते. गावतळी आणि सामाईक जमिनी यांवरील अतिक्रमणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे २००१ आणि २०११ चे निर्णय आहेत, त्यांचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

तलावाची मालकी कोणत्या विभागाकडे आहे तेही आधी ठरवून घ्या. दुसऱ्या खात्याच्या तलावावर ग्रामसभेने ठराव करून यंत्रे लावली, तर उद्या अडचणीत ग्रामपंचायत येईल, लेआउटचे मालक नव्हे.

गाळपेर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही एक शंका मांडतो. माझी जमीन अशाच एका तलावाखाली आहे. शेतकऱ्याला पाणी हवे असते, लव्हाळा नको असतो. पाणथळ खोदून खोल तळे झाले, तर त्यात जास्त पाणी साठेल आणि विहिरींना फायदाच होईल, असे गावातले लोक म्हणणार, आणि त्यांना केवळ पक्ष्यांची नावे सांगून पटणार नाही. त्यांना काय सांगावे?

चक्रवाक यांचे उत्तर

गाळपेर दादा, शंका रास्त आहे, म्हणून पक्षी बाजूला ठेवून पाण्यापुरतेच बोलतो.

आपल्याकडे खाली काळा बसाल्ट आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खडकाच्या फटींत. भरावाखालची पाणथळ म्हणजे तलावातून मुरलेले पाणी जिथे वर येते ती जागा. तिथे खोल खड्डा केला की आजूबाजूच्या थरातले पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि सोलापूरच्या उन्हात वाफ होऊन जाते. आपल्याकडच्या उघड्या साठ्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी सहज उडते. म्हणजे आज विहिरींकडे जाणारे पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. शिवाय खोदताना कठीण खडकाची फट उघडी पडली, तर पाणी कोणत्या दिशेला जाईल हे आधी सांगता येत नाही. गावाला पटवायचे असेल, तर पाणथळीखालच्या आणि तिच्यापासून दूरच्या काही विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मे महिन्यात टेप टाकून मोजा आणि आकडे ग्रामसभेत ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तालुक्यात आहेत, त्यांच्या नोंदींशीही ते ताडून पाहता येतील.

आता सांडपाणी. उथळ पाणी, पाणकणीस आणि मुळांभोवतीचे जिवाणू घरगुती सांडपाण्यातील सेंद्रिय घाण बऱ्याच प्रमाणात पचवतात, परंतु त्याला मर्यादा आहे. भार वाढला की आधी जलपर्णी येते. शहरातल्या कंबर तलावावरील जलपर्णीचा त्रास सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते; वरून येणारे पाणी तसेच ठेवून ती काढत बसणे म्हणजे दरवर्षी ठेकेदाराला काम देणे होय. आणि वरच्या भागात चादरी-टॉवेलच्या रंगकामाचे पाणी ओढ्यात येत असेल, तर कोणतीही पाणथळ त्यातले क्षार काढू शकत नाही. ते पाणी ओढ्यात येताच कामा नये. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेच जावे लागेल.

दगडी भिंतीला माझा ठाम विरोध आहे. पाण्याची पातळी वर-खाली होताना उघडा पडणारा उथळ, चिखलाचा काठ हीच पाणथळीची काम करणारी जागा असते. गाळ तिथे अडतो, गवत तिथे वाढते, गुरे तिथे उतरतात आणि हिवाळ्यात शेकाटे, तुतवारही तिथेच चरतात (पक्ष्यांचा विषय टाळणार होतो, जमले नाही). भिंत घातली की उरते ती फक्त टाकी.

आदिलाकाठ

सर्वांचे आभार. विहिरी मोजण्याचे काम शाळेतील मुलांच्या मदतीने सुरू करता येईल. आता व्यवहाराचा प्रश्न. लेआउटच्या मालकांशी वैर घेऊन चालणार नाही, त्यांचे प्लॉट विकले गेले आहेत आणि तिथे आता माणसे राहतात. त्यांच्याकडून मिळणारी मदत नाकारावी, की दुसरीकडे वळवावी?

बांधबंदिस्ती

वळवावी. त्यांना असे सांगा की नळ्यांची मोरी काढून ओढ्याच्या मूळ रुंदीची, पाण्याला मोकळी वाट देणारी मोरी बांधून द्या, कारण मोठ्या पावसात पाणी तुंबले तर ते आधी त्यांच्याच प्लॉटधारकांच्या घरांत शिरणार आहे. ही गोष्ट त्यांना लवकर समजेल. प्रत्येक घराच्या छपराचे पाणी शोषखड्ड्यात किंवा बोअरजवळ मुरवायला लावा. पाऊसपाणी संकलनाची अट बांधकाम नियमांत आहेच, ती अमलात येते की नाही हे पाहणारे कोणी नसते. सांडपाण्यासाठी सोसायटीने सामाईक सेप्टिक टँक आणि त्यापुढे पाणकणीस किंवा कर्दळ लावलेला एक वाफा करावा, आणि त्यातून निघालेले पाणी त्यांच्याच बागेला वापरावे.

यंत्र आणायचेच असेल तर ते तलावाच्या तोंडाशी, ओढा जिथे आत येतो तिथे आणा. तिथे एक उथळ, रुंद खड्डा करून त्याच्या खालच्या कडेला दगडांचा बांध घाला आणि दोन्ही काठांवर वाळा लावा. वरचा गाळ त्या खड्ड्यात बसेल आणि दर उन्हाळ्यात तेवढाच उपसला की शेतकरी स्वखर्चाने नेतील. मुख्य तलावातला गाळ टप्प्याटप्प्याने, मुरूम दिसताच थांबायचे या अटीवर काढा. ही अट ठरावात लिहा आणि ट्रॅक्टर भरताना समितीचा माणूस तिथे उभा ठेवा. पाणथळीला तूर्त हात लावू नका. आधी सातबारा यांनी सांगितलेली ओढ्याची मोजणी करून घ्या, कारण मोरी किती रुंद हवी हे त्या नकाशाशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.