मोफत ई-मेल न्यूजलेटरमध्ये जाहिराती: दर कसा लावायचा?

शाईदौत
बागकामावर दर आठवड्याला मोफत न्यूजलेटर पाठवतो. यादीत ४,००० वाचक, ओपन रेट (मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण) ४८ टक्के. वर्गणी लावायची नाही, पण पाठवण्याचा खर्च जाहिरातींतून निघावा अशी इच्छा आहे. वेबसाइटवरचा ॲडसेन्सचा (गूगलच्या जाहिरात सेवेचा) कोड मेलमध्ये टाकता येतो का? नसेल तर जाहिरातदाराला दर कसा सांगायचा, हजार ओपनमागे की अंकामागे?

कबुतर_डाक
ॲडसेन्स मेलमध्ये चालत नाही. त्या जाहिराती ज्या जावास्क्रिप्ट कोडवर चालतात तो मेल ॲप्स चालवत नाहीत, आणि गूगलच्या नियमांतही मेलमध्ये त्या जाहिराती लावायला मनाई आहे. उगाच खातं धोक्यात घालू नका. मेलमधली जाहिरात म्हणजे थोडा मजकूर, हवं तर एक चित्र आणि एक लिंक.

त्या ४८ टक्क्यांवर मात्र दर बांधू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ बरोबर ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असलं की मेलमधली चित्रं ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात, त्यात ओपन मोजणारा अदृश्य पिक्सेलही आला. वाचकाने मेल पाहिली नाही तरी ओपन नोंदलं जातं. क्लिकचा आकडा त्यापेक्षा भरवशाचा, पण तोही चाळून घ्यावा लागतो. ऑफिसांच्या मेल-सुरक्षा यंत्रणा लिंक तपासताना स्वतःच क्लिक करतात. मेल पोचताच काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून सगळ्या लिंकवर क्लिक आले, तर ते माणसाचे नाहीत. वगळा.

हिशेबनीस
अंकामागे ठरावीक रक्कम घ्या. हजारी भाव मोठ्या याद्यांना परवडतो. तुमचे ओपन सगळे खरे धरले तरी जेमतेम १,९२० होतात, म्हणजे हजारी भावाची दुप्पटसुद्धा हाती येत नाही. तुमची ताकद संख्येत नाही, एकाच विषयाचे वाचक एकत्र आहेत यात आहे.

रक्कम अशी काढा. मागच्या आठ अंकांत सगळ्यात वरच्या लिंकला सरासरी किती खरे क्लिक मिळाले ते पाहा. समजा ८० मिळाले. जाहिरातीला त्याच्या निम्मेच धरा, ४०. मग त्या विषयाच्या शब्दांना सर्च जाहिरातीत क्लिकमागे काय बोली लागते ते गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये बघा. तिथे खालची आणि वरची अशी दोन टोकं दिसतात. खालचं टोक गुणिले ४० हा तुमचा सुरुवातीचा दर. जाहिरातदाराला हा हिशेब जसाच्या तसा दाखवा, घासाघीस कमी होते.

एकटा अंक विकू नका, चार अंकांचा संच विका. पहिल्या वेळी नाव अनोळखी असतं, क्लिक कमी येतात आणि जाहिरातदार तिथेच नाद सोडतो. संचात मजकूर बदलून पाहता येतो. पैसे आगाऊ घ्या. लिंकला युटीएम टॅग (क्लिक कुठून आलं ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडलेली खूण) लावताना त्यात अंक क्रमांक घाला, नाहीतर कुठल्या अंकाने काम केलं ते दोघांनाही कळणार नाही.

शाईदौत
फार उपयोगी. जाहिरात अंकात नेमकी कुठे ठेवावी? आणि जाहिरातदाराने वाचकांचे पत्तेच मागितले तर?

कबुतर_डाक
पत्ते अजिबात देऊ नका. वाचकाने संमती तुम्हाला दिली आहे, तिसऱ्याला नाही. फक्त एकूण क्लिकचे आकडे द्या.

जागा पहिल्या लेखानंतरची. वर 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहा, ६० ते ८० शब्द पुरेत, आणि अंकात एकच जाहिरात. तळाशी नको: मेलचा कोड १०२ केबीच्या आसपास गेला की जीमेल पुढचा भाग कापतं. तळाची जाहिरात दिसत नाही, तळाशी असलेला पिक्सेलही जातो. चित्र दिलं तर लिंक मजकुरातही ठेवा, कारण अनेक ठिकाणी चित्रं बंद असतात.

डोमेनदार
वर एक गोष्ट सुटली आहे. जाहिरातदाराचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) स्पॅमहाऊस या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या काळ्या यादीत असेल तर त्याच्या एका लिंकपायी तुमचा अख्खा अंक स्पॅममध्ये जाऊ शकतो. पैसे घेण्याआधी डोमेन तिथे तपासा. लिंक छोटी करून देणाऱ्या सार्वजनिक सेवाही टाळा, स्पॅमवालेही त्याच वापरतात.

दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० मेल जाऊ लागल्या की फेब्रुवारी २०२४ पासूनचे कडक नियम लागू होतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या व्यवस्था) आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय. तुम्ही खाली असलात तरी आत्ताच करून ठेवा. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर जाता कामा नयेत, ०.१ च्या आत राहिलेलं उत्तम. ४,००० मेलना ०.१ टक्के म्हणजे फक्त चार तक्रारी, आणि विषयाशी संबंध नसलेली एक जाहिरात तेवढ्या सहज आणते. म्हणून बागकामाच्या अंकात कर्जाची जाहिरात घेऊ नका, दर कितीही चांगला असो. नाव काढण्याची लिंक मेलमध्ये कापली जाणार नाही अशा जागी ठळक ठेवा. ती सापडली नाही की वाचक स्पॅमचं बटण दाबतो.