प्रतिसाद: सत्त्व गाळलं की कॅल्शियमही जातं

'भाकरीपेक्षा नाचणीसत्त्व जास्त पौष्टिक' हे वरचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सत्त्व पचायला हलकं, पण १०० ग्रॅम नाचणीतलं साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम बरंचसं त्या लालसर सालीत असतं, तंतूही तिथेच. भिजवून, वाटून, पंचातून गाळलं की फडक्यात उरलेल्या चोथ्याबरोबर ते जातं आणि खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला गाळलेलंच द्या, मोठ्यांसाठी मात्र गाळू नका हो!

त्यापेक्षा मोड आणा. मोडांमुळे फायटेट (दाण्यातला, लोह-कॅल्शियम धरून ठेवणारा घटक) कमी होतं, म्हणून लोह आणि कॅल्शियम जास्त अंगी लागतं. नाचणी तीन-चार पाण्यांतून धुवा (वाळूचे खडे तळाशी बसतात), १०-१२ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून ओलसर फडक्यात एक-दीड दिवस बांधा. पांढरा कोंब जेमतेम दिसला की पुरे. पाणी राहिलं तर दाणे बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो, ते टाकूनच द्यावे लागतात. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा, मंद आचेवर भाजा, दळा. ओल राहिली तर पिठाला बुरशी धरते. लोह अंगी लागावं म्हणून भाकरीसोबत लिंबू घ्या, चहा तासभर लांब ठेवा.