मुलीचे नाव ‘गोदावरी’ ठेवावे का?

प्रश्न : पैठणच्या आमच्या आजीचे नाव गोदावरी, शिधापत्रिकेवर मात्र ‘गोदाबाई’. बारशाला तेच ठेवायचे ठरले, तर सासूबाईंना ते जुनाट वाटते. नावाचे मूळ काय?

उत्तर १ : ‘गोदा’ म्हणजे गाय देणारी, गौतम ऋषींच्या गायीची कथा याच अर्थाशी जोडली जाते. त्र्यंबकेश्वरी उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला आपल्याकडे गंगाच म्हणतात, म्हणून तर तिच्या काठच्या गावाचे नाव गंगाखेड आणि एकेकाळी घरोघरी गंगूबाई!

उत्तर २ : १९०७ साली जन्मलेल्या, वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या पिढीत हे नाव रूढ होते. पुढे दोन-तीन अक्षरी नावांची आवड वाढली आणि ‘बाई’ लागलेली नावे मागे पडली. कागदावर ‘गोदावरी’, हाकेला ‘गोदा’ ठेवा, सासूबाईही विरघळतील.