भुसार बाजारात कोण कोण येतंय?

(सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचा ग्रुप. एप्रिलमधला रविवार, सकाळ.)

सुनीता, ए-३०२: सुप्रभात. मार्चचं किराणा, भाजी, दूध सगळं मिळून आमचं १६,८०० झालं. माणसं चार, त्यातलं एक तीन वर्षांचं. ह्यांना आकडा दाखवला तर म्हणाले, सोनं शिजवतेस की काय. नवा गहू आलाय, शनिवारी मार्केट यार्डात जाऊन भरून टाकावा म्हणते. कोण येतंय? चार घरं झाली तर टेम्पो करू.

महेश, बी-१०४: आम्ही येतो. गहू आणि तूरडाळ.

अथर्व, सी-५०१: ताई, मार्केट यार्डात भाजी मिळते ना? गहू पण?

कुलकर्णीकाकू, ए-१०१: अरे अथर्वा, भाजीचा बाजार वेगळा, भुसार वेगळा. गहू, तांदूळ, डाळी, गूळ, मिरची सगळं भुसारात. एवढी वर्षं पुण्यात राहून गुलटेकडी बघितली नाहीस?

अथर्व, सी-५०१: काकू, दोनच वर्षं झाली. आणि आम्ही तिघं पोरं मॅगीवर.

सेक्रेटरी: पाण्याचा टँकर ११ वाजता. ७ नंबरच्या पार्किंगमधली पांढरी गाडी काढा. दुसऱ्यांदा सांगतोय.

देशपांडेकाका, बी-४०२: सुनीता, निघण्याआधी हिशेब कर. परवा मी तयार आट्याचं ५ किलोचं पाकीट २७५ ला आणलं, म्हणजे किलोला ५५. त्याच दुकानात सुटा लोकवन गहू ३८ होता, गिरणीवाला दळायचे ७ घेतो, झाले ४५. किलोमागे १० सुटले. तुमच्याकडे महिन्याला १५ किलो लागत असेल तर दीडशे रुपये. टेम्पोचा तुझा वाटा २०० आला की पहिल्या महिन्यात ५० चा तोटा. यार्डात दोन-तीन रुपये आणखी उतरतील, पण तीन-चार महिन्यांचा एकदम आणलास तरच जमतं.

महेश, बी-१०४: काका, पाकिटावर जीएसटी पण असतो ना? सुट्ट्याला नाही.

देशपांडेकाका, बी-४०२: बरोबर. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के लागला. २५ किलोपर्यंतच्या पिशवीला लागतो, त्याच्या वर नाही. म्हणून तर तांदळाची २६ किलोची पिशवी निघाली. एक किलो जास्त, कर गायब! ३० किलोचा गव्हाचा कट्टा घेतलास तर ११४० वर ५७ रुपये वाचतील. पण तेवढ्यासाठी कुणी ३० किलो घेऊ नका. घरात ठेवणार कुठे, ते आधी बघा.

महेश, बी-१०४: हे मात्र खरं. गेल्या वर्षी १० किलो मूगडाळ आणली, जूनमध्ये डबा उघडला तर डाळ चालत होती.

कुलकर्णीकाकू, ए-१०१: ऊन दाखवलं होतंस का? नसणारच. ऐका सगळे, एकदाच लिहिते, बोटं दुखतात. धान्य आणल्या आणल्या डब्यात ओतायचं नाही. आधी निवडायचं, मग गच्चीवर चादरीवर दोन दिवस कडक ऊन द्यायचं. लगेच भरायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचं, नाहीतर डब्यात घाम धरतो आणि सगळं वाया. डब्यात ओल असता कामा नये, पुसलेला नव्हे, वाळलेला हवा. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेल चोळायचं, किलोला चमचाभर पुरे, हाताला नुसता तुकतुकीतपणा लागला पाहिजे. मध्ये मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. रवा भाजूनच ठेवायचा, कच्चा ठेवला की आठ दिवसांत जाळी. बेसन फ्रीजमध्ये. आणि मूग, मटकी, चवळी जास्त भरूच नका, पोरकिडे त्यांनाच आधी लागतात. ती महिन्याची महिन्याला आणा.

अथर्व, सी-५०१: काकू, हे स्टार करून ठेवतोय.

सुनीता, ए-३०२: काका, तुमच्यामुळे गडबड झाली. बिलं काढून बसले. धान्य, डाळ, तेल, मसाले ३,४००. दूध रोज दीड लिटर, २,९००. भाजी-फळं ४,१००. राहिले ६,४००. ते सगळे फोनवरून मागवलेले, दहा मिनिटांत दारात येतं ते. ३१ दिवसांत २६ ऑर्डरी.

महेश, बी-१०४: बापरे.

सुनीता, ए-३०२: हसू नका. दोनशेच्या खाली ऑर्डर गेली की वर ३० घेतात. म्हणून १४० चं पनीर मागवताना ६० ची बिस्किटं टाकते. तीस वाचवायला साठ! आणि पनीर तरी कशासाठी, तर कोथिंबीर संपली म्हणून ॲप उघडलं होतं.

देशपांडेकाका, बी-४०२: हे मी बोललो असतो तर तुला राग आला असता.

सुनीता, ए-३०२: आत्ताही आलाय, पण स्वतःचाच.

रुपाली, सी-२०३: तेलाचं पण बघा सगळे. १ लिटरचं पाउच म्हणजे ९१० ग्रॅम. शेजारी तसंच दिसणारं १५ रुपयांनी स्वस्त असतं, त्यावर बारीक अक्षरात ८०० ग्रॅम. मी मांडून बघितलं: १५५ ला ९१० ग्रॅम म्हणजे किलोला १७० च्या आसपास, १४० ला ८०० ग्रॅम म्हणजे १७५. स्वस्त समजून सहा महिने महागच घेत होते. पाकिटावर दर ग्रॅमला किती पडतं ते छापलेलं असतं, पण चष्मा लावल्याशिवाय दिसेल तर शपथ.

सेक्रेटरी: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

महेश, बी-१०४: आमची नाही.

रुपाली, सी-२०३: आणि कोथिंबिरीचं म्हणाल तर टाकण्यातच जास्त जाते. पंधरा दिवस फ्रीजवर कागद लावून टाकलेलं सगळं लिहिलं. अर्धी जुडी कोथिंबीर तीनदा, काकड्या दोन, मऊ पडलेले टोमॅटो, दही एकदा. पोळ्या एकही नाही, त्यांचा दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी नाहीतर कुस्करा होतो. आता कोथिंबीर न धुता निवडते, मुळं कापते, डब्यात खाली-वर कागद घालून ठेवते. दहा दिवस जाते. कागद ओला झाला की बदलायचा, एवढंच.

कुलकर्णीकाकू, ए-१०१: आमच्या वेळी लिंबू नाही म्हणून दुकान गाठायचं हे डोक्यातच यायचं नाही. वाटी घेऊन समोरच्या दारात. आता समोर कोण राहतं तेच माहीत नसतं.

अथर्व, सी-५०१: काकू, मग एक वेगळा ग्रुप काढू का? फक्त लिंबू, कढीपत्ता, विरजण, दोन हिरव्या मिरच्या असल्याच गोष्टींसाठी. इथे टँकरमध्ये बुडेल. नाव 'वाटी'.

सुनीता, ए-३०२: काढ. पहिला मेसेज माझा. आज संध्याकाळी विरजण लागेल.

देशपांडेकाका, बी-४०२: माझ्याकडे आहे, सातनंतर ये. 'शुभ सकाळ' वाल्यांना मात्र त्या ग्रुपमध्ये घेऊ नकोस अथर्व.

अथर्व, सी-५०१: काका, तुमचाच पहिला मेसेज असतो रोज. फुलांचा.

महेश, बी-१०४: म्हणजे शनिवारचं रद्द?

सुनीता, ए-३०२: रद्द कशाला? गहू तरीही लागणारच. पण वर्षाचा नाही, जूनपर्यंतचा. पावसाळ्यात माझ्या घरी गव्हाला ऊन कोण दाखवणार? माझा आणि रुपालीताईंचा मिळून एक कट्टा, घरी आणून वाटून घेऊ. काकू, तुमचा काटा द्याल?

कुलकर्णीकाकू, ए-१०१: देते. आणि मूठभर घेऊन दाताखाली टाकून बघा, कट्ट्यावरचं नाव वाचून घेऊ नका. कडक, कट्टकन तुटला पाहिजे. मऊ लागला तर ओल आहे.

अथर्व, सी-५०१: आम्हा तिघांसाठी २ किलो इंद्रायणी तांदूळ आणाल का? पैसे आत्ता पाठवतो.

रुपाली, सी-२०३: आणते. पण पाणी कमी घालून शिजव रे, चिकट असतो तो, खिमट होईल.

कुलकर्णीकाकू, ए-१०१: वाटीवरून आठवलं. दिवाळीत चकलीची भाजणी ज्या स्टीलच्या डब्यातून दिली, तो डबा कुणाकडे आहे? झाकणावर 'कु.' कोरलंय.

महेश, बी-१०४: काकू, आमच्याकडे. ती मूगडाळ होती ना, त्यातच भरली होती.

कुलकर्णीकाकू, ए-१०१: भाजणी दिवाळीत दिली. डाळ जूनमध्ये चालायला लागली म्हणालास. म्हणजे माझा डबा दीड वर्ष तुझ्याकडे?

महेश, बी-१०४: शनिवारी घासून, ऊन दाखवून आणतो.

सेक्रेटरी: पांढरी गाडी माझ्याच मेहुण्याची निघाली. क्षमस्व.