पिथियाला मराठीत काय म्हणावं?

मीठभाकरी: प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीवरचा लेख मराठीत आणतेय. अपोलोच्या देवळात तिवईवर बसून उत्तरं देणारी ती पिथिया. मी लिहिलं 'कौल देणारी', संपादकांनी केलं 'भविष्यवेत्ती'. बाई भविष्य कुठे सांगायची? नवी वसाहत वसवू का, कुठल्या देवाला काय वाहू, असलंच विचारायचे बहुतेक लोक.

जुनाट: 'वेत्ती' चूक. वेत्तृचं स्त्रीलिंग वेत्त्री. दात्री, तसं.

मीठभाकरी: बरं, कळवते. पण कौल?

तळकोकणी: कौलच! आमच्याकडे देवाला पाकळ्या लावतात, उजवी पडली की काम करायचं. आजी म्हणायची, 'देवान उजवो कौल दिल्यान.'

घाटावरचा: पाकळी बोलत नाही हो, पिथिया बोलायची. तिच्या अंगात यायचं. आणि भविष्य कसं नाही? लिडियाच्या क्रीसस राजाला म्हणाली, हॅलिस नदी ओलांडलीस तर मोठं साम्राज्य बुडवशील. बुडालं त्याचंच, इ.स.पू. 546 च्या सुमारास.

मीठभाकरी: ती ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं रंगवलेली गोष्ट. लेखक प्लुटार्क तर तिथला पुजारीच होता. तो लिहितो, आधी बकरीवर गार पाणी ओतायचं, ती सर्वांगानं थरथरली तरच पिथियानं बसायचं. एकदा बकरी हलेना, बदाबदा पाणी ओतून थरथरवली. पिथिया मनाविरुद्ध आत गेली, किंचाळत बाहेर धावली आणि थोड्याच दिवसांत मेली.

घाटावरचा: आमच्या जत्रेतही बकऱ्यानं अंग झाडलं तरच देवाला मान्य! मग सरळ 'देवऋषीण' लिहा.

जुनाट: देवऋषी भूत उतरवतो. आणि ग्रीक देवळात 'कौल' हा अरबी शब्द कशाला? 'देवोक्ती' म्हणा.

शब्दखोर: देवोक्ती कोण बोलतं? शिवाय कौल अरबी कसा, देवीची उपासना करणाऱ्या शाक्तांचा 'कौल' आहे की, कुलावरून आलेला.

जुनाट: तो वेगळा. हा कौलनाम्यातला, म्हणजे दिलेला शब्द. कव्वाली त्याचीच बहीण.

पुणेरी_पाहुणा: 'डेल्फीचा कौल' वाचून मला तरी निवडणुकीचा निकालच वाटेल.

तळकोकणी: निवडणुकीनं शब्द आमच्या देवाकडूनच उचललाय.

शब्दखोर: मग घरावरचं कौल कुठून आलं?

तळकोकणी: आमच्या जुन्या घरावर मातीचे अर्धगोल नळे होते. कौलं म्हणजे मंगळुरी, ती नंतर आली.

घाटावरचा: आमच्याकडे दोन्हींना कौलंच म्हणतात.