मदत हवी आहे: ‘देव डी’ काकू-मावश्यांसमोर कसा मांडू?

नमस्कार मंडळी. आमच्या इंदूरच्या वाचन-भिशीत पुढच्या महिन्यात ‘देवदास’ आहे. पुस्तक आणि त्यावरचा एक सिनेमा, असं ठरलंय. सगळ्यांचं मत दिलीपकुमारकडे (१९५५). मी भरात बोलून गेले, अनुराग कश्यपचा ‘देव डी’ (२००९) बघू या. आता निस्तरा!

भिशीत निम्म्या सत्तरीच्या पुढच्या. परवा लॅपटॉपवर पुन्हा बघायला बसले. पारो सायकलला गादी बांधून शेतात निघते, तेवढ्यात लेक पोहे घेऊन आत आला, मी धाडकन झाकण मिटलं. म्हणजे मलाच लाज वाटते!

पण सिनेमा सोडवत नाही. देव मला कधीच आवडला नाही, नुसता रडका आणि पिदक्कड. चंदा (यातली चंद्रमुखी) मात्र मनातून जात नाही. तिची खासगी क्लिप पसरते, वडील गोळी झाडून घेतात, घरचेही पाठ फिरवतात. दोष तिचा काय? यावर आमच्या बायका तासभर बोलतील. आणि इथे देव मरतही नाही.

तर सांगा, अख्खा दाखवू की निवडक प्रसंग? सुरुवातीला काय सांगू?

आणि हो, १९१७ च्या मूळ कादंबरीचा चांगला मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? मामा वरेरकरांनी शरदबाबू (म्हणजे ‘देवदास’चे लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्याय) मराठीत आणले, आमच्या घरीही संच होता. कुणीतरी वाचायला नेला, तो नेलाच. राजवाड्याच्या आसपास कुणी असेल तर स्वतः येऊन घेऊन जाईन, कव्हर घालून परत देईन.