मदत हवी आहे: पिल्सनरमधील लोण्यासारखा वास दोष मानावा की शैलीचा भाग?

नमस्कार मंडळी,

गेले वर्षभर मी क्राफ्ट बिअर सावकाश चाखून प्रत्येकीची नोंद ठेवण्याचा सराव करीत आहे. स्टाउट किंवा गव्हाच्या बिअरबद्दल मत बनवताना मला फारशी अडचण आली नाही, पण पिल्सनर या फिकट, कडवट बिअरपाशी घोडे अडले आहे. गडद भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) किंवा यीस्टच्या फळांसारख्या गंधाचा आडोसा नसल्यामुळे या बिअरमधील बारीकशी खोटही उघडी पडते असे जाणकार सांगतात. मला मात्र जे जाणवले ती खोट आहे की नाही, हेच ठरवता येत नाही.

नळावरून भरून दिलेल्या एका क्राफ्ट पिल्सनरचा हा अनुभव आहे. रंग फिकट सोनेरी, द्रव पारदर्शक आणि फेस पांढरा, दाट व बराच वेळ टिकणारा होता. घोटागणिक ग्लासच्या कडेला त्याची जाळीही उमटत होती. पहिल्या, अगदी थंड घोटात ताज्या पावासारखा माल्ट आणि वनस्पतींचा किंचित तिखट सुगंध असलेला हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या कडवट फुलांचा) कडवटपणा एवढेच लक्षात आले. दहा-पंधरा मिनिटांनी ग्लास जरा कोमट झाल्यावर मात्र लोण्याचा, किंबहुना टॉफीचा म्हणता येईल असा वास वर आला आणि जिभेवर एक निसरडा थर राहू लागला. याशिवाय ग्लास हातात येताच उकडलेल्या मक्यासारखा एक पुसट वास आला होता, जो पुढे नाहीसा झाला.

सोबतच्या दोघांचे मत परस्परविरोधी पडले. एकाच्या मते चेक पिल्सनरमध्ये लोण्याची छटा असतेच, आणि १८४२ साली योझेफ ग्रोल याने आजच्या चेक देशातील प्लझेन येथे ही बिअर प्रथम बनवली तेव्हापासूनची ती परंपरा आहे. दुसऱ्याच्या मते ही घाईत उरकलेल्या आंबवणीची सरळसरळ खूण आहे. नावात केवळ ‘पिल्सनर’ असल्यामुळे ही बिअर चेक वळणाची आहे की जर्मन, हे कळायला मार्ग नाही.

मी बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रकावर नोंदी करतो. त्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील जाणिवेला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात. रूपाला मी पूर्ण ३ गुण दिले आणि चवीच्या रकान्यापाशी थांबलो. शैली ठाऊक नसताना गुण कोणत्या मापाने द्यावेत, आणि लोण्याचा हा वास नेमका कोठून आला हे चाखणाऱ्याला शोधता येते का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या नोंदी नेटक्या आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. लोण्याचा तो वास डायअसिटिलचा असावा. आंबवणीच्या काळात यीस्ट त्याचे पूर्वद्रव्य बाहेर टाकते, बिअरमध्ये त्याचे डायअसिटिल बनते आणि पुरेसा वेळ व ऊब मिळाली तर शेवटी यीस्टच ते पुन्हा शोषून घेते. म्हणूनच लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर; पिल्सनर त्यातलीच) बनवणारे अनेक जण आंबवणी संपत आली की तापमान काही अंशांनी वाढवून एक-दोन दिवस थांबतात. ही पायरी गाळली की आपण वर्णन केलेला प्रकार होतो.

आपले दोन्ही मित्र अर्धे बरोबर आहेत. बीजेसीपीच्या मार्गदर्शिकेत चेक प्रीमियम फिक्या लागरला डायअसिटिलची हलकी छटा चालते, जर्मन पिल्सला ती चालत नाही. मात्र ‘चालते’ म्हणजे ‘असायलाच हवी’ असे नव्हे, ही गल्लत फार जण करतात. वळण ओळखण्यासाठी घोट गिळल्यानंतर काय उरते ते पाहावे: तोंड कोरडे पडून कडवटपणा एकटाच रेंगाळत असेल तर बिअर जर्मन वळणाची, आणि माल्टचा भरीव गोडवा कडवटपणाला अखेरपर्यंत सोबत करीत असेल तर चेक वळणाची समजावी. केवळ कडवटपणाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण चेक प्रकारासाठी ३० ते ४५ आयबीयू (कडवटपणा मोजायचे एकक) आणि जर्मन प्रकारासाठी २२ ते ४० आयबीयू अशा या मर्यादा एकमेकींत बऱ्याच मिसळलेल्या आहेत.

तरीही गुण देण्याआधी एक शंका फेडून घ्यावी. बिअर नळावरची होती, आणि नळी वेळच्या वेळी धुतली नाही तर तिच्यात वाढणारे जिवाणूही डायअसिटिल तयार करतात. तेव्हा त्यासोबत बहुधा आंबूसपणाही येतो. दोष बिअरचा की नळीचा हे पाहण्यासाठी शक्य असल्यास त्याच बिअरचा ताजा कॅन मिळवून ७ ते १० अंश सेल्सिअसला दोन ग्लासांत ओतावा. एक झाकून बाजूला ठेवावा, दुसरा तळहातांनी ऊब देत थोड्या थोड्या वेळाने हुंगावा.

प्रतिसाद २

मक्याच्या वासाबद्दल थोडेसे. तो डायमिथाइल सल्फाइडचा असतो. फिकट माल्टमधील एका घटकापासून उष्णतेने ते बनते, आणि वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा) जोमाने उकळला तर वाफेबरोबर बरेचसे निघून जाते. ते पटकन उडून जाणारे असल्यामुळे आपल्याला सुरुवातीलाच जाणवले आणि नंतर नाही, हे सुसंगत आहे. फिक्या लागरमध्ये अगदी पुसट असेल तर मी गुण कापत नाही. हॉप्सचा सुगंध झाकोळला असेल तरच कापतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे कॅन आणून दोन ग्लासांची चाचणी केली. ऊब दिलेल्या ग्लासातही लोण्याचा वास आला नाही आणि जिभेवरचा निसरडा थरही नव्हता. मक्याची पुसट छटा मात्र पहिल्या मिनिटभर होती. घोटानंतर तोंड स्वच्छ कोरडे पडले, त्यामुळे जर्मन वळण धरून चवीला २० पैकी १५ गुण लिहिले आहेत. नळावरच्या नोंदीत आंबूसपणाचा उल्लेख नाही, पण त्या वेळी मी तो शोधलाच नव्हता, म्हणून ती नोंद गुणांविना तशीच ठेवली आहे. आता एकच विचारायचे राहिले: आंबूसपणा अगदी सौम्य असेल तर कार्बन डायऑक्साइडच्या चुरचुरीपासून तो वेगळा कसा ओळखावा?